फाटक खाली है?

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार. सकाळी ६.

आजपासून रोज डायरी. वर्ष संपत आलं म्हणून काय झालं, शिस्तीला मुहूर्त लागत नाही. पहिली पानं बायकोने, अलकनंदाने, धोब्याच्या हिशोबात घालवली आहेत, ती सोडून देऊ.

संकल्प: रोज पाचला उठणे. (आज सहा. पहिला दिवस.) भात कमी. आणि मुख्य म्हणजे मार्चपर्यंत सेफ्टी ऑफिसर होणे. कंपनीत नवी पोस्ट निघतेय. भसीनसाहेब, आमचे वर्क्स मॅनेजर, परवा म्हणाले की कोई जिम्मेदार आदमी चाहिए. खोलीत आम्ही चौघे होतो, पण म्हणताना बघितलं माझ्याकडे.

चिंचवडच्या प्लांटवरून गाझियाबादला येऊन अडीच वर्षं झाली. हुद्दा यार्ड सुपरवायझर. आडनाव अष्टपुत्रे. भसीनसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की सचमुच आठ बेटे हैं? मुलगी एक, आठवीत.

भाषेचा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून आला नाही. मराठी माणसाला हिंदी शिकावं लागत नाही. शेवटी 'है' लावलं की झालं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार.

पाचचा गजर झाला. ऐकला.

ड्रायव्हर लोकांचा आज कहर. आमच्या कंपनीची स्वतःची रेल्वेलाइन आहे, यार्डापासून कारखान्यापर्यंत. मध्ये रस्ता आडवा येतो, तिथे फाटक. सकाळी सात-चाळीसला बलबीरसिंग इंजिन घेऊन डबे आत नेतो, चारला रिकामे बाहेर आणतो. दहा वर्षांपूर्वी म्हणे त्या रस्त्यावर बैलगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या असायच्या. आता पलीकडे सोसायट्याच सोसायट्या, आणि प्रत्येकाकडे नवी कोरी मारुती. फाटक लागलं की हॉर्न, शिव्या, आणि सगळे एकदम समोरच्या लेनमध्ये. स्कूटरवाले फाटकाच्या कडेच्या फटीतून स्कूटर घालतात. माणसाला पाच मिनिटं थांबवत नाही. देश कुठे चाललाय!

२४ नोव्हेंबर, रविवार.

इशिताला बाजारात न्यायचं होतं. हाक मारली, तर म्हणाली, बाबा, मी खाली आहे. दोन जिने उतरून गेलो. खाली नाही. पार्किंगमध्ये नाही. गेटवरच्या चौकीदाराला विचारलं. वर येऊन बघतो तर बाईसाहेब पलंगावर. म्हणे खाली आहे, म्हणजे फ्री आहे. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, एवढंही माहीत नाही का तुम्हाला.

अर्धा तास बौद्धिक घेतलं. शब्द चुकला की माणूस दोन जिने फुकट उतरतो, हे तिच्या मनावर ठसवलं. अलकनंदा स्वयंपाकघरात हसत होती. हसू दे.

२ डिसेंबर, सोमवार.

ऐतिहासिक दिवस. जुनं फाटक, ते दोन लोखंडी पल्ल्यांचं, गेलं. माझ्या प्रस्तावावरून नवीन बसलं. लांब दांडा, मागे वजन, हँडल फिरवलं की दांडा वर, उलट फिरवलं की खाली. भसीनसाहेबांनी नारळ फोडला. गेटमन चंद्रपालने दांड्याला हळद लावली. एकोणीस वर्षं हा माणूस त्या फाटकावर आहे. फाटकाशेजारीच कंपनीची एक खोली, तिथे बायकोसोबत राहतो, मागे मुळा-पालक लावलाय. नोकरीसोबतची खोली आहे, नोकरी असेपर्यंत.

५ डिसेंबर, गुरुवार.

आज मी एक नियम केला, आणि मला वाटतं याचीच दखल घेतली जाईल.

पूर्वी कसं होतं? इंजिन सोडायच्या आधी मी यार्डातून फोन करून विचारायचो, फाटक बंद है? मध्ये गोडाऊन असल्याने यार्डातून फाटक दिसत नाही, फोनवरच सगळं. पण आता पल्ले राहिले नाहीत, त्यामुळे 'बंद' हा शब्द तांत्रिकदृष्ट्या चूक. दांडा वर असतो किंवा खाली असतो. म्हणून शब्द ठरवून दिले. मी विचारणार: फाटक खाली है? गेटमनने म्हणायचं: खाली है. मग मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिणार आणि बलबीरसिंगला हिरवा झेंडा. घोळाला जागाच नाही. पेंटरकडून पाटी करून दोन्हीकडे लावली. भसीनसाहेबांनी वाचून गुड म्हटलं आणि सही केली.

चंद्रपालला काही कळत नव्हतं. साहब, खाली मतलब, असं काहीतरी विचारायला लागला. एवढं सोपं! मी कडक आवाजात म्हटलं, चेष्टा मत करो. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग जी म्हणाला. त्यानंतर एक प्रश्न नाही. वचक म्हणतात तो हाच.

९ डिसेंबर, सोमवार.

दांड्याखालून जाणाऱ्या स्कूटरवाल्यांचा बंदोबस्त. फाटकावर मोठी पाटी, लाल अक्षरांत: 'फाटक के नीचे से निकलने वालों को कड़ी शिक्षा दी जाएगी.' मजकूर माझाच. अलकनंदा म्हणाली, लावायच्या आधी एकदा इशूला दाखवा. आठवीतल्या मुलीला? नाही दाखवला.

परिणाम तात्काळ. लोक थांबून वाचतात. काही हसतात, पण ते भीतीने. एका एस्टीमवाल्या बाईने काच खाली करून विचारलं की यहाँ कौन सी क्लास तक है? दिल्लीकडच्या लोकांना काहीही विचारायची सवय. मी म्हटलं, क्लास-वास काही नाही, सबको मिलेगी.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

सकाळी उशीर झाला. (गजर.) फाटक लागलेलं. मीच जर यार्डात पोचलो नाही तर इंजिन सोडणार कोण? म्हणून स्कूटर जराशी तिरकी करून दांड्याखालून काढली. हे त्या लोकांसारखं नाही. ते घाईत असतात, मी ड्यूटीवर होतो. चंद्रपालने सलाम केला.

नियमाला आठ दिवस झाले. रोज दोन वेळा विचारतो, रोज खाली है. रजिस्टर बघताना समाधान वाटतं.

२० डिसेंबर, शुक्रवार. दुपारी १२.

लिहायची इच्छा नाही. पण लिहायला हवं, नंतर कामाला येईल.

धुकं इतकं की स्वतःचा बूट दिसत नव्हता. डबे उशिरा जोडले गेले. सात-चाळीसच्या ऐवजी आठ-दहा. आठ-दहाला फोन केला, फाटक खाली है? पलीकडे लांब कुठेतरी हॉर्न, पण चंद्रपालचा आवाज स्पष्ट: हाँ साहब, बिलकुल खाली है. वेळ लिहिली. झेंडा दाखवला. बलबीरसिंग निघाला, सोबत मी पायरीवर उभा. सेफ्टीचं काम जागेवर जाऊन बघावं म्हणून.

गोडाऊन ओलांडलं आणि धुक्यातून कुणीतरी रुळांवरून धावत येताना दिसलं. चंद्रपाल. तोंडात शिट्टी, हातात लाल झेंडा, एका पायात चप्पल नाही. बलबीरसिंगने ब्रेक मारला. मागचे डबे धडधड एकमेकांवर आले. चाकांचा असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. चंद्रपाल बाजूला झाला नाही, तो आमच्या पुढे उलटा धावत राहिला, शिट्टी वाजवत.

थांबलं. इंजिनासमोर शाळेची बस. रुळांवर आडवी. दोन्हीकडून गाड्या घुसलेल्या, त्यामुळे पुढे जाता येईना, मागे येता येईना. दांडा वर. सरळ वर, आभाळाकडे.

मी उतरलो. इंजिन ते बस, तीन पावलं. माझी.

इंजिन थांबलं तरी हॉर्न थांबले नाहीत. एक सिएलो गाडीवाला बसच्या ड्रायव्हरला ओरडत होता की हटा ना यार, ऑफिस को देर हो रही है. मला वाटलं त्याची कॉलर धरावी. धरली नाही. 

बसच्या खिडकीत एक पोरगं होतं. माकडटोपी. हातात बिस्किट. इंजिनाला टाटा करत होतं.

त्याबद्दल यापुढे लिहायचं नाही.

२० डिसेंबर. संध्याकाळी ६.

जेवलो नाही. अलकनंदाने विचारलं तर पोट म्हटलं. तिने गरम पाणी आणि ओवा दिला. बायको चांगली आहे.

२१ डिसेंबर, शनिवार.

रिपोर्ट लिहिला. शांत डोक्याने. कारणं: धुकं, बेजबाबदार वाहनचालक, गेटमनचं चुकीचं उत्तर. अंतर अंदाजे बारा फूट. (तीन पावलं म्हणजे बारा फूट होऊ शकतात. पावलावर अवलंबून.)

चंद्रपाल असं का वागला? फाटक उघडं ठेवून खाली है म्हणतो! म्हातारा झाला, की प्यायला होता? पण अडीच वर्षांत मला कधी प्यायलेला दिसला नाही. मग ड्रायव्हर लोकांना घाबरून खोटं बोलला असणार. हेच.

२३ डिसेंबर, सोमवार.

रिपोर्ट सुधारला. गेटमनचं नाव वर घेतलं, धुकं खाली. भसीनसाहेब म्हणाले रिपोर्ट क्लिअर हवा. अंतर वीस फूट.

चंद्रपाल सस्पेंड. फाटकावर तात्पुरता माणूस. तो फोन उचलून हॅलोच्या आधी हाँ जी खाली है म्हणतो. मी आता स्वतः चालत जाऊन दांडा बघून येतो, मग झेंडा. त्यामुळे रोज वीस मिनिटं उशीर आणि रोज हॉर्न. तेव्हापासून कुठेही हॉर्न ऐकला की मी वळून बघतो. सोसायटीत कुणी मारुती रिव्हर्सला टाकली तरी.

२७ डिसेंबर, शुक्रवार.

चौकशी. भसीनसाहेब, पर्सोनेलचे एक, युनियनचे एक, आणि मी साक्षीदार. चंद्रपाल उभा. धुतलेला स्वेटर घालून आला होता.

त्याला विचारलं की फाटक उघडं असताना खाली है का म्हणालास. तो म्हणाला, साहब ने पूछा खाली है, तो खाली था. गाड्या अर्धा तास अडकल्या होत्या, एकाने उतरून हँडलच धरलं, म्हणून दांडा वर करून आधी तेवढ्या काढल्या. सगळ्या निघून गेल्या, फाटकावर एक गाडी नाही, तेवढ्यात साहेबांचा फोन. खाली है, म्हणून सांगितलं. दांडा पाडायला वळलो तर दोन्हीकडून नवीन गाड्या घुसल्या. बंद है का, असं कोणी विचारलंच नाही, पहिल्यासारखं.

 मला तर तो काय बोलतोय तेच कळेना. मी म्हटलं, बात को घुमा रहा है. भसीनसाहेबांनी मान हलवली. ते म्हणाले की पाटीवर साफ लिहिलंय, आणि फाटक पाडायचं हे वेगळं सांगावं लागतं का? दोन पर्याय आहेत: एकतर तीन आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन परत घ्यायचं, नाहीतर काढायचं. एकोणीस वर्षं बघता ट्रेनिंगकडे कल. निर्णय हेड ऑफिसला.

बाहेर पडताना चंद्रपालने मला सलाम केला. हे त्याने करायला नको होतं.

२९ डिसेंबर, रविवार. दुपारी.

अलकनंदाने इशिताला कोथिंबीर निवडायला बोलावलं. ती आतून ओरडली, थांब ना आई, खाली नाहीये मी!

मी पेपर वाचत होतो.

खाली नाहीये.

उठलो. बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि स्टुलावर बसलो. फाटक खाली है? बिलकुल खाली है. रिकामं. फाटक रिकामं आहे. तो खरं सांगत होता. त्याने त्याच दिवशी विचारलं होतं, साहब, खाली मतलब? आणि मी म्हटलं चेष्टा नको.

माझा नियम. माझी पाटी. पंधरा दिवस मी त्याला भलतंच विचारत होतो, तो भलत्याचंच उत्तर देत होता, आणि नशिबाने दांडा खाली असायचा, कारण एकोणीस वर्षांच्या सवयीने तो फोनच्या आधीच पाडून ठेवायचा.

हे मी महिन्यापूर्वी स्वतः पोरीला शिकवलं होतं. अर्धा तास!

माकडटोपी.

३१ डिसेंबर, मंगळवार.

नवीन वर्षाचा संकल्प, एकच. भसीनसाहेबांना जाऊन स्वच्छ सांगणे की चूक माझी. नोकरी गेली तर गेली. पोस्ट गेली तर गेली. दोन तारखेला, सकाळी पहिलं काम.

अलकनंदाला सांगितलं. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, आत्ताच जा ना. म्हटलं, आज वर्षाचा शेवटचा दिवस, साहेबांचा मूड... ती उठून स्वयंपाकघरात गेली.

२ जानेवारी १९९७, गुरुवार. (जुन्या डायरीची धोब्यानंतरची कोरी पानं वापरतोय. वर तारीख खोडली.)

साहेब मीटिंगमध्ये.

३ जानेवारी, शुक्रवार.

साहेब होते. आत गेलो. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले की या प्रकरणात तुम्ही रिपोर्ट फार बॅलन्स्ड लिहिला. अशा वेळी एकदम सांगणं बरं दिसलं नसतं. चहा प्यालो. धुक्याबद्दल बोललो.

६ जानेवारी, सोमवार.

तोंडी बोलण्यात भावना नीट पोचत नाहीत. लेखी द्यावं. आणि हिंदीत द्यावं, म्हणजे युनियनवालाही वाचेल, लपवाछपवी नाही. ठरलं.

८ जानेवारी, बुधवार. दुपारी ३.

पत्र दिलं! तीन दिवस खपलो. पहिला मसुदा दोन पानी होता, त्यात सगळं होतं, खाली, पाटी, चेष्टा. वाचून वाटलं फारच वैयक्तिक झालंय. दुसऱ्यात पाटीचा उल्लेख काढला, कारण तिच्यावर साहेबांचीही सही आहे, त्यांना अवघड व्हायला नको. तिसऱ्यात 'चूक मेरी है' काढलं. शिक्षा मागणारा माणूस चूक कबूल करतोच, वेगळं काय लिहायचं. सरतेशेवटी दोन ओळी उरल्या, पण काय ओळी! इथे उतरवून ठेवतो:

'चंद्रपाल को शिक्षा देना उचित नहीं. देनी ही हो तो मुझे शिक्षा दी जाए.'

लिहिताना डोळे भरून आले. सही केली. शिपायाने नेलं.

अलकनंदाने विचारलं, चूक माझी असं लिहिलंत ना? मी म्हटलं, त्यात सगळं आलंय. ती म्हणाली, इशूला वाचायला द्यायचं होतं आधी. हे हिचं काय चाललंय कळत नाही. बापाची शिक्षा मुलीने तपासायची?

रात्री नीट जेवलो. भातसुद्धा.

१४ जानेवारी, मंगळवार.

तिळगूळ घेऊन फाटकावर गेलो. चंद्रपाल खोलीबाहेर उन्हात बसला होता. त्याला म्हटलं, चिंता मत करो, मैंने लिख दिया है. त्याने दोन्ही हात जोडले. बायकोला बाहेर बोलावून सांगितलं की साहब ने लिख दिया है. तिने मुळे उपटून दिले.

आज बऱ्याच दिवसांनी हॉर्न ऐकून वळून बघितलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार.

ऑर्डर आली. मला काही समजत नाहीये, म्हणून जशी आहे तशी लिहितो. सुरक्षा प्रशिक्षणाला गेटमन चंद्रपालच्या जागी श्री. अष्टपुत्रे यांना पाठवावं, त्यांच्या स्वतःच्या विनंतीवरून. सुपरवायझरच्या मते गेटमनला प्रशिक्षण देणं योग्य नसल्याने त्याची सेवा समाप्त. खोली आठ दिवसांत सोडावी.

भसीनसाहेबांनी बोलावून हात हातात घेतला. म्हणाले की इतक्या सीनियर माणसाने स्वतःहून शिकायची इच्छा दाखवणं मोठी गोष्ट आहे. मार्चचं बघू, म्हणाले. आणि म्हणाले की गेटमनबद्दल आमचं मन ट्रेनिंगकडे होतं, पण ज्याच्या हाताखाली काम करतो त्यालाच ते योग्य वाटत नाही म्हटल्यावर हेड ऑफिसने विषय संपवला.

माझ्या मते? मी कधी असं म्हटलं?

१८ जानेवारी, शनिवार.

इशिताला पत्राची कॉपी दाखवली. शेवटी.

तिने वाचली. पुन्हा वाचली. मग हळूच विचारलं, बाबा, तुम्ही पनिशमेंट म्हणताय का? हिंदीत शिक्षा म्हणजे एज्युकेशन. पनिशमेंटला सज़ा, दंड. तुम्ही लिहिलंय की चंद्रपालला शिकवण्यात अर्थ नाही, शिकवायचंच तर मला शिकवा.

मग म्हणाली, फाटकावरची ती पाटी पण तुमचीच का? आमच्या बसमध्ये सगळे वाचून हसतात. मी कुणाला सांगितलं नाही की माझे बाबा तिथे आहेत.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. अलकनंदा मागे उभी होती, तिने तोंडावर पदर धरला. मला वाटलं हसतेय. रडत होती.

तिची बस तर दुसरी, दुसऱ्या वेळेची. तरी आत्ता लिहिताना पहिल्यांदा डोक्यात आलं की ती रोज त्याच फाटकावरून जाते.

२० जानेवारी, सोमवार.

आज मात्र सांगितलं. सगळं. भसीनसाहेबांसमोर उभं राहून. की खाली म्हणजे नीचे. की शिक्षा म्हणजे सज़ा. की मराठीत असं असतं.

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले की अष्टपुत्रेजी, आप बहुत भले आदमी हैं, उसको बचाना चाहते हैं. फाइल बंद झाली, हेड ऑफिसची सही झाली. अब चेष्टा मत कीजिए.

मी कळवळून म्हणालो, साहब, मैं चेष्टा नहीं कर रहा हूँ!

गुड, म्हणाले. और कीजिए भी मत.

घरी येऊन इशिताला विचारलं. चेष्टा म्हणजे प्रयत्न. म्हणजे त्या दिवशी चंद्रपाल समजून घ्यायचा प्रयत्न करत होता आणि मी त्याला सांगितलं, प्रयत्न करू नकोस. म्हणून तो गप्प झाला. वचक!

२२ जानेवारी, बुधवार.

रजा टाकून दिल्लीला हेड ऑफिसला गेलो, कस्तुरबा गांधी मार्गावर. वर जाऊन डायरेक्टरला भेटायचं. अलकनंदाने बोलायची वाक्यं इशिताकडून तपासून घ्यायला लावली. पाच वाक्यं. सगळी पाठ.

लॉबीत लिफ्टवाल्याने दार धरून ठेवलं आणि म्हणाला, आइए साहब, खाली है.

मी तिथेच उभा राहिलो. अर्थ कळला होता, लगेच कळला होता. तरी पाय उचलेना. त्याने दोनदा बोलावलं, मग मागचे लोक चिडले, एकाने चलो भाई, देर हो रही है म्हणत मला बाजूला सारलं. लिफ्ट गेली. परत आली. परत गेली.

बाहेर येऊन बाकावर बसलो. मग बस पकडली. अलकनंदाला सांगितलं, डायरेक्टर टूरवर.

२५ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ५.

चंद्रपाल घरी आला होता. फाटकाची खोली यार्डाच्या ताब्यात, म्हणजे माझ्या, म्हणून किल्ली द्यायला. पिशवीत उरलेले मुळे. गावाला जाणार, बुलंदशहरकडे. बायकोला बसस्टँडवर सामानापाशी बसवून आला होता, म्हणून बसला नाही.

तो म्हणाला, ऐकलं की साहेबांनी माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली होती. वरच्यांनी ऐकलं नाही, त्याला साहेब काय करणार. इतकं तरी कोण करतं! अलकनंदा दारात उभी होती, माझ्याकडे बघत.

ती पाच वाक्यं मला अजून पाठ आहेत. तपासलेली आहेत, एकही शब्द चूक नाही. ती म्हणायला मी तोंड उघडलं. त्याने किल्ली पुढे केली, आणि माझ्या तोंडातून नेमकं भलतंच गेलं. मी विचारलं, खाली है?

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

हाँ साहब, म्हणाला. बिलकुल खाली है.

किल्ली घेतली. जिन्यापर्यंत पोचवायला गेलो. खाली नाही गेलो.

सोमवारी दहाला वर्ग. वही-पेन स्वतःचं आणायचंय.